‘ड्रॅगनहार्ट’ अजूनही का आवडतो? एका क्रीचर अ‍ॅनिमेटरचं उत्तर

प्रश्न: मला लहानपणापासून फँटसीचं वेड आहे. १९९६ सालचा ‘ड्रॅगनहार्ट’ मी आजही आवडीने बघते. मित्रमंडळी म्हणतात, सिनेमा बाळबोध आहे, संवाद नाटकी आहेत, ग्राफिक्स जुनाट झालेत. नंतरच्या सिनेमांतले ड्रॅगन कितीतरी खरे दिसतात हे मलाही कळतं, पण जीव जडतो तो याच ड्रॅगनवर. ही नुसती बालपणाची आठवण आहे, की सिनेमात खरंच काही आहे?

उत्तर: आठवणीचा वाटा असणारच. पण सगळं तिच्यावर ढकललं तर सिनेमावर अन्याय होईल आणि तुमच्या नजरेवरही.

मी क्रीचर अ‍ॅनिमेशन करतो. पडद्यावरची जी पात्रं माणसं नसतात, त्यांना चालतं-बोलतं करायचं, त्यांच्या अंगात वजन आणि डोळ्यांत विचार आणायचा, हे माझं काम. मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं हेच करतोय. नव्याने कामावर आलेल्या मुलामुलींना जे शॉट मी पुन्हा पुन्हा थांबवून दाखवतो, त्यांत या ड्रॅगनचे शॉट असतातच. ‘त्या काळाच्या मानाने बरं’ म्हणून मी ते दाखवत नाही. आज आपण काम कसं करायला हवं, ते त्यातून कळतं म्हणून दाखवतो.

माझं मत आधीच सांगतो. या सिनेमाने ड्रॅगनला नट मानलं आहे. त्याला विनोद दिला, ढोंग दिलं, लाज, राग, थकवा दिला आणि या सगळ्यावर मनापासून विश्वास ठेवला. तुमच्या मित्रांना जो बाळबोधपणा खटकतो, तो त्याच विश्वासातून आलेला आहे. तो वजा केला तर तुम्हाला आवडणारा ड्रॅगनही त्याच्याबरोबर जाईल.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. इसवी सन ९८४. बोवेन नावाचा सरदार राजपुत्र आयननला तलवार शिकवतो आणि वीरांची जुनी आचारसंहिताही शिकवतो: दुबळ्यांचं रक्षण कर, खरं बोल, वगैरे. शेतकऱ्यांच्या उठावात राजपुत्राच्या छातीत घाव बसतो. राणी त्याला एका ड्रॅगनच्या गुहेत नेते. न्यायाने राज्य करण्याची शपथ घ्यायला लावून ड्रॅगन आपलं अर्धं हृदय त्याला देतो. पोरगा जगतो आणि बापापेक्षा क्रूर निघतो. ड्रॅगनच्या हृदयानेच हा नासला, अशी बोवेनची समजूत होते आणि तो पुढची बारा वर्षं ड्रॅगन मारत फिरतो. शेवटी जगात एकच ड्रॅगन उरतो. हा मेला तर बोवेनचा धंदा बसणार, म्हणून दोघं भागीदारी करतात. ड्रॅगनने गावावर झेप घ्यायची, बोवेनने बिदागी ठरवून त्याला ‘मारायचं’, मग दोघांनी पुढच्या गावाला जायचं.

आता कामाकडे येतो. दिग्दर्शक रॉब कोहेन, ड्रॅगनची रचना फिल टिपेट यांची, संगणकावरचं काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीचं. टिपेट हे नाव आमच्या क्षेत्रात फार आदराने घेतलं जातं. १९८१ साली ‘ड्रॅगनस्लेयर’साठी त्यांनी गो-मोशन या तंत्राने ड्रॅगन हलवला होता. साध्या स्टॉप-मोशनमध्ये बाहुली थोडी हलवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा हलवायची. त्यात प्रत्येक फ्रेम लख्ख येते आणि हालचाल झटक्याझटक्याची दिसते. गो-मोशनमध्ये बाहुलीला जोडलेल्या दांड्या मोटरने हलतात आणि फ्रेम टिपली जात असतानाच बाहुलीही हलत असते, त्यामुळे खऱ्या प्राण्याच्या चित्रणात येते तशी किंचित धूसर रेघ येते. मग १९९३ साली ‘ज्युरासिक पार्क’मध्ये डायनोसॉर संगणकावर आले आणि बाहुल्यांचं ते युग संपत आलं. टिपेट मात्र थांबले नाहीत. त्यांच्या मंडळींनी सेन्सर लावलेला डायनोसॉरचा सांगाडा बनवला. हाताने तो सांगाडा वाकवायचा की संगणकातला प्राणी तसाच वाकणार. हातातली विद्या यंत्रात गेली ती अशी. ‘ड्रॅगनहार्ट’मधल्या ड्रेको या ड्रॅगनच्या अंगात ही सगळी परंपरा आहे.

पण डायनोसॉरला जे करावं लागलं नव्हतं ते ड्रेकोला करायचं होतं. त्याला बोलायचं होतं, तेही शॉन कॉनरी यांच्या आवाजात. त्याआधी १९९५ साली ‘कॅस्पर’मधली संगणकावरची बोलकी भुतं मोठ्या पडद्यावर येऊन गेली होती, पण ती कार्टूनच्या घडणीची होती. इथे खवले, दात आणि भलामोठा जबडा असलेला प्राणी हाडामांसाच्या नटासमोर उभा राहून वाद घालणार होता. जुन्या साधनांवर काम करताना अ‍ॅनिमेटरला बहुतेक वेळा ठोकळेवजा मॉडेल हलवावं लागे. चेहरा नक्की कसा दिसेल ते रेंडर होऊन, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करून येईपर्यंत कळत नसे. अभिनय असा होत नाही. भुवई एका केसाइतकी वर गेली तर अर्थ बदलतो, आणि तो बदल हात चालू असतानाच डोळ्यांना दिसावा लागतो. या सिनेमाच्या निमित्ताने कंपनीने कॅरिकेचर नावाची प्रणाली वापरात आणली. कॅरी फिलिप्स यांनी ती घडवली. तपशीलवार कातडीसकट चेहरा समोर बघत काम करण्याची सोय तिच्यामुळे झाली. पुढे या प्रणालीसाठी त्यांना ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला.

साधन मिळालं, तरी त्याने काय करायचं हा प्रश्न उरतोच. सिनेमाच्या मंडळींनी कॉनरी यांच्या जुन्या सिनेमांतले चेहऱ्यावरचे भाव गोळा केले, मनःस्थितीप्रमाणे लावले आणि अ‍ॅनिमेटरांच्या हाताशी ठेवले. ड्रेको कॉनरींसारखा दिसत नाही. पण एखादं वाक्य टाकण्याआधी तो जसा थांबतो, एक भुवई आधी आणि दुसरी मागाहून उचलतो, समोरचा मूर्खासारखं बोलला की मान किंचित मागे घेतो, ते सगळं नटाचं आहे. आवाज आणि चेहरा एकाच माणसाचे वाटतात ते त्यामुळे.

ओठांच्या हालचालीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बोलता प्राणी बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. नवखा अ‍ॅनिमेटर प्रत्येक अक्षराला जबडा उघडतो-मिटतो. मग प्राणी बोलतोय असं न वाटता रवंथ करतोय असं वाटतं. लांब तोंडाच्या प्राण्यात तर हे फारच उघडं पडतं, कारण मागे जबडा थोडासा हलला तरी पुढचं टोक बरंच खाली जातं. ‘प’, ‘ब’, ‘म’ला ओठ मिटले पाहिजेत. बाकीच्या बऱ्याच अक्षरांवरून सरकत जायचं आणि जोर फक्त त्या वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावर द्यायचा. ड्रेकोच्या संवादांत हे नीट पाळलेलं दिसतं. जबड्याचं काम कमी ठेवलंय. ओठांचे कोपरे, नाकपुड्या आणि पापण्या यांच्याकडे जास्त दिलंय. पापणी तर विचार बदलताना लवते. त्याला नवं काही सुचलं की आधी पापणी, मग नजर, मग मान, मग शब्द. क्रम असा असला की आपण न कळत मान्य करतो की याच्या डोक्यात काहीतरी चाललंय.

दुसरी गोष्ट उजेडाची. संगणकातला प्राणी लपवायचा असेल तर रात्र, पाऊस आणि धूर हे आमचे जुने सोबती. अंधारात पायाखालची सावली चुकली तरी चालतं. ड्रेको मात्र सुरुवातीची गुहा सोडली तर बराच काळ लख्ख उन्हात वावरतो. स्लोव्हाकियात चित्रण केलेले ते हिरवे डोंगर आणि मोकळी माळरानं, त्यात हा आरामात पाय पसरून बसलेला. त्या वर्षांत हे करायला धाडस लागत होतं. नट आणि ड्रॅगन यांचा प्रत्यक्ष स्पर्श होतो अशा काही जागी मोठ्या आकाराचे यांत्रिक अवयव वापरले आणि बाकीचं सगळं संगणकावर. या कामासाठी स्कॉट स्क्वायर्स, फिल टिपेट, जेम्स स्ट्रॉस आणि किट वेस्ट यांना ऑस्करचं नामांकन होतं.

जुनं झालंय ते कुठे, हेही सांगतो, कारण तुमच्या मित्रांचं त्याबाबत चुकत नाही. काही शॉटमध्ये ड्रॅगनच्या कडा मागच्या दृश्यात नीट मिसळत नाहीत. पाय टेकतात तिथली सावली पातळ आहे. कातडी वरवर चकाकते आणि आतून जड वाटत नाही. खऱ्या कातडीत प्रकाश थोडा आत शिरतो, विखुरतो आणि पुन्हा बाहेर येतो. हे संगणकावर परवडेल अशा रीतीने करण्याची पद्धत २००१च्या सुमारास पुढे आली आणि मग सिनेमांत रुळली. १९९६च्या माणसांकडे ती नव्हतीच. त्यांच्याकडे जे होतं ते अभिनयाचं भान, आणि अभिनय जुना होत नाही.

आता बाळबोधपणाकडे. कथेतला एक प्रसंग घ्या. बोवेन ड्रॅगनच्या तोंडात सापडतो, पण त्याची तलवार टाळूला टेकलेली. याने चावलं तर तो मरणार, त्याने खुपसलं तर हा मरणार. त्याच अवस्थेत दोघांच्या गप्पा सुरू होतात. दातात अडकलेला कुणा जुन्या सरदाराचा अवशेष बोवेन काढून देतो आणि ड्रॅगनला हायसं वाटतं. कागदावर हा प्रसंग पोरकट आहे. पडद्यावर मात्र याच ठिकाणी दोघांचं वैर वितळतं आणि त्यासाठी एकाही भाषणाची गरज पडत नाही.

किंवा तळ्याचा प्रसंग. ठरल्याप्रमाणे ड्रॅगन ‘मरून’ पाण्यात पडतो, पण तळं इतकं उथळ की तो बुडतच नाही. सगळ्या गावासमोर पोट वर करून मेल्याचं सोंग घेऊन पडलाय आणि उपाशी गावकऱ्यांना समोर मांसाचा डोंगर दिसतोय. हसू येतंच. अ‍ॅनिमेशनच्या दृष्टीने मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण इथे नटाला मेलेलं दिसायचंय आणि आत जिवंत असल्याचंही दाखवायचंय. प्राण्याकडून असं दुहेरी काम करून घेणं महाकठीण.

आणि हा विनोद कथेत वाया जात नाही. ड्रॅगनला आपण मरण्याचं नाटक करताना पाहिलेलं असतं. त्यावर हसलेलो असतो. मग शेवटी कळतं की आयनन आणि ड्रेको एकाच हृदयावर जगतायत, आणि ड्रॅगन जिवंत आहे तोवर राजा मरणार नाही. तेव्हा ड्रेको बोवेनकडे खऱ्या मरणाची मागणी करतो. आधीची सोंगं पाहिलेली असल्याने त्या मागणीचं वजन कळतं. आधीचा भाग गंभीर ठेवला असता तर शेवट नुसता रडका झाला असता.

पीट पॉसलथ्वेट यांनी केलेला ब्रदर गिल्बर्ट हेही तसंच उदाहरण. हा कविता करणारा भिक्षू आधी निव्वळ गंमतीचं पात्र आहे. त्याच्या हातात धनुष्य येतं आणि त्याला कळतं की आपला नेम अचूक आहे. धर्म सांगतो मारू नकोस, हात सांगतो मार, या ओढाताणीवर विनोद चालतो. मग लढाईत त्याचा बाण थेट राजाच्या छातीत जातो. राजा मरत नाही, पण आकाशात असलेला ड्रेको वेदनेने कोसळतो आणि शत्रूच्या हाती सापडतो. ज्या विनोदावर आपण हसत होतो, त्यातूनच संकट उभं राहिलं. पटकथेत हे जमवायला कौशल्य लागतं आणि ‘बाळबोध’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं.

सिनेमाची उणीव मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. डीना मेयर यांची कारा गावाला उठवते, बापाच्या मरणाचा जाब मागते, पण लढाई सुरू झाली की पटकथा तिला बाजूला ठेवते. गावकऱ्यांना शिकवून सैन्य तयार करण्याचा भाग घाईघाईत उरकलाय. राजाचे केस आणि दरबारी कपडे मलाही खटकतात. पण डेव्हिड थ्युलिस तो राजा इतक्या सरळ दुष्टपणाने करतात की थोड्या वेळाने केस दिसेनासे होतात. आणि रँडी एडेलमन यांचं संगीत! त्याची मुख्य धून पुढे इतर सिनेमांच्या ट्रेलरमध्ये आणि ऑस्करच्या सोहळ्यांतही इतकी वापरली गेली की सिनेमा न पाहिलेल्यांनीही ती ऐकलेली असते. धून सरळसोट भावुक आहे आणि इथे तशीच हवी होती. लाजतबिजत केलेलं संगीत या ड्रॅगनला शोभलं नसतं.

भाबडा ड्रॅगनपट म्हटला की तो आपोआप आवडतो, असं मात्र नाही. २००० साली आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बघा. शेवटच्या लढाईत आकाश ड्रॅगनांनी भरून जातं, पण त्यातला एकही आठवत नाही, कारण त्यातल्या कुणालाच काही हवं नाही, कुणालाच कशाची भीती नाही. जेरेमी आयर्न्स त्यात जीव तोडून आरडाओरडा करतात आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला आवडतं. पण ती मजा माणसाची आहे.

२००६चा ‘एरागॉन’ त्याहून जास्त जिव्हारी लागतो. त्याचे दिग्दर्शक स्टेफेन फँगमायर स्वतः व्हिज्युअल इफेक्ट्सच्या क्षेत्रातून आलेले. त्यातली निळी सफिरा दिसायला देखणी, तिचे पंख आणि खवले ड्रेकोपेक्षा कितीतरी सरस. पण अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू आकाशात झेपावतं आणि उडता उडताच एका झळाळीत पूर्ण वाढून परत येतं. मुलाने तिला भरवलं, तिचं पहिलं उड्डाण फसलं, एक दिवस ती त्याच्यापेक्षा उंच झाली, हे सगळं बघायला फँटसीवेडा माणूस तिकीट काढतो आणि सिनेमा तेच गाळतो. तंत्र दहा वर्षांनी पुढचं असूनही नातं जुळत नाही ते म्हणून. ड्रेको आणि बोवेन यांना वाद घालायला, रुसायला, एकत्र जेवायला भरपूर वेळ दिलाय. तो वेळ तुम्हाला जाणवतो आणि त्याचंच रूपांतर तुमच्या जिव्हाळ्यात होतं.

तुमच्यासारख्या फँटसीवेड्यांसाठी एक आवडीची गोष्ट जोडतो. सिनेमात चांगल्या ड्रॅगनांचा स्वर्ग म्हणून जो तारकासमूह दाखवलाय तो खरा आहे. त्याचं पाश्चात्त्य नाव ड्रेको, आपल्याकडे त्याला कालेय म्हणतात. सप्तर्षी आणि ध्रुवमत्स्य यांच्या मधून त्याची शेपटी वळत जाते. महाराष्ट्रातून जुलैच्या आसपास रात्री उत्तरेला त्याचं डोकं चांगलं वर आलेलं असतं, फक्त पावसाळी ढगांनी वाट द्यायला हवी. त्याच्या शेपटीतला थुबान हा तारा इसवी सनापूर्वी २७००च्या सुमारास ध्रुवताऱ्याच्या जागी होता. पृथ्वीचा आस डोलत फिरतो, त्यामुळे ही जागा बदलत राहते. सिनेमात बोवेन ड्रॅगनला नाव देतो ते याच ताऱ्यांवरून.

आता मित्रांना दाखवायचा असेल तर एक करून बघा. त्यांना आधी तळ्याचा प्रसंग दाखवा, आणि तोही आवाज बंद करून. कॉनरींचा आवाज नसतानाही ड्रॅगन काय विचार करतोय ते कळतं का, एवढंच विचारा. मग पूर्ण सिनेमा सलग लावा. शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या प्रतीत, कारण दबलेल्या व्हिडिओत पापण्यांचं काम दिसत नाही.

पुढचे चारही भाग (२०००, २०१५, २०१७ आणि २०२०) चित्रपटगृहांसाठी नव्हते, थेट घरी बघण्यासाठी निघाले. त्यांत बेन किंग्सली, पॅट्रिक स्टुअर्ट, हेलेना बोनहॅम कार्टर असे दमदार आवाज आहेत. ड्रॅगनची कातडी आणि प्रकाश पहिल्यापेक्षा सुधारलेत, पण सवड थोडी आणि खर्च बेताचा असल्याचं दिसतं. या मालिकेत पुढे जाण्याआधी १९८१चा ‘ड्रॅगनस्लेयर’ शोधून बघा. त्यातला ड्रॅगन बोलत नाही, मैत्री करत नाही. वटवाघळासारखा पंखांवर रेलून गुहेत सरपटतो आणि आपल्या मेलेल्या पिल्लांपाशी येऊन थांबतो. तेवढ्या थांबण्यात टिपेट यांनी त्या हिंस्र जनावराला जे दिलंय, त्याची पुढची पायरी म्हणजे तुमचा ड्रेको.